डाव्या कोपऱ्यातल्या दोघी

माघ सरत आला की आमच्या भागात हळद शिजायला लागते. औंढ्याला मी राहते त्या गल्लीच्या मागं शेतं आहेत. सकाळी खिडकी उघडली की तो वास घरात येतो. ओल्या मातीचा, उकडलेल्या मुळांचा, थोडासा औषधासारखा. बाहेरगावची माणसं नाकाला रुमाल लावतात. मी मात्र चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहते. त्या वासात माझी एक सबंध वर्षभराची गोष्ट आहे आणि दर साली ती मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवून घ्यावी लागते. टाळून बघितलं, जमत नाही.

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पोरींना कबड्डी शिकवते. हे दिवस स्पर्धांचे असतात. पोरी मैदानावर दम घुमवत असतात, आणि पलीकडच्या खळ्यावर ताडपत्रीवर हळद वाळत असते. माझ्या लहानपणी डोंगरकड्याजवळ आमच्या गावातही असंच होतं. फक्त तिथं मैदान आणि खळं वेगळं नव्हतं. हळदीचा हंगाम आला की शेतकरी शाळेमागचं अर्धं मैदान वाळवणीला घ्यायचे आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही खेळायचो. कुणाला कुणाची अडचण नव्हती. चढाई करणारी पोरगी जोरात ढकलली गेली की थेट हळदीत जाऊन पडायची. मग म्हातारी राखणदारीण ओरडायची, "अय भवानी, हळद लागली तुला, आता नवरा बघा गं हिला!" आणि आम्ही सगळ्या हसायचो.

माझी जागा डाव्या कोपऱ्यात. माझ्या उजव्या हाताला पूनम.

पूनम तांड्यावरची. तिचा तांडा आमच्या गावापासून एक माळ ओलांडला की लागायचा. आमच्या घरी मेंढरं. बाबा वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं रानात असायचे. तिच्या घरी थोडी कोरडवाहू शेती. आठवीत ती आमच्या शाळेत आली तेव्हा वर्गात कुणाशी बोलायची नाही. खेळाच्या सरांनी तिला माझ्या शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "हिचा हात धर. सोडायचा न्हाई." कबड्डीत बचाव करणाऱ्या पोरी दोघी-दोघी हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. त्या दिवशी धरलेला हात आम्ही बारावी होऊन कॉलेजात गेलो तरी धरूनच होतो.

आमची रीत ठरलेली. समोरची पोरगी चढाईला आली, जादा गुणासाठी बोनसच्या रेषेपलीकडं पाय टाकायला माझ्या बाजूला वळली, की मी साखळी सोडून खाली झेप घ्यायची आणि तिचा घोटा धरायची. त्याच क्षणी पूनम वरून तिच्या कमरेला मिठी मारायची. आधी मी, मग ती. मी गेले नाही तर तिनं जायचं नाही, कारण पाय मोकळा असलेल्या पोरीला एकटीनं वरून अडवणं म्हणजे स्वतः बाद होणं. आम्ही एकमेकींकडं बघायचोसुद्धा नाही. तिच्या बोटांवरून मला कळायचं, माझ्या बोटांवरून तिला.

अशाच एका माघात, तालुक्याच्या सामन्यात, मी घोटा धरला. पोरगी दणकट होती. तिनं पाय ओढला, माझा उजवा हात डोक्याच्या वर ताणला गेला आणि आमच्याच दोघी-तिघी धरायला आल्या त्या माझ्या दंडावर पडल्या. आवाज झाला. लाकूड मोडल्यासारखा नाही. भाकरीची काठवट जमिनीवर टेकवताना येतो तसा, ठप्प. मग मला माझा खांदा दिसला. तो खांद्याच्या जागी नव्हता. पुढं, काखेच्या वर, एक गोळा आलेला. मी ओरडले नाही. पूनम ओरडली.

हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तो बसवला. गळ्यात ओढणी बांधून मी काही दिवस घरी राहिले. मग मोकळी झाले, आणि सगळ्यांना वाटलं, झालं.

पण एकदा निघालेला खांदा पुन्हा निघायला कारण शोधत नाही. दोरीवर लुगडं टाकताना निघाला. बसमध्ये वरचा दांडा धरला, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तेव्हा निघाला. एकदा तर झोपेत कूस बदलताना निघाला. मग पूनम बसमध्ये माझ्या उजव्या बाजूलाच बसायची. मी दांडा धरायला हात उचलला की खाली ओढायची आणि म्हणायची, "माझ्या गळ्याला धर, दांड्याला कशाला धरून राहिलीस?" खांदा निघाला की मी पुढं वाकायची, हात लोंबता सोडायची, आणि ती माझ्या पाठीवर तळवा ठेवून उभी राहायची. हात आपोआप जागेवर बसेपर्यंत तसंच.

नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की खांद्याच्या वाटीची कड फाटली आहे. वाटीचा काठ तुटला की गोळी बाहेर घसरते, तसं. दुर्बिणीतून ऑपरेशन करून कड शिवता येईल. आई म्हणाली, "पोरीच्या खांद्याला टाके? कोण करील हिच्याशी लगीन?" बाबा त्या दिवशी मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून आले होते. कोपऱ्यात बसून ते म्हणाले, "मेंढराचा पाय निखळला तर आपण त्याला रानात टाकून येतो का? उचलून आणतोच ना? मग हे तर आपलं लेकरू हाय."

श्रावणात ऑपरेशन झालं. हात पोटाशी पट्ट्यानं बांधलेला. एका हातानं माणसाला काय काय येत नाही, ते तेव्हा कळतं. भाकरी मोडता येत नाही. परकराची नाडी बांधता येत नाही. वेणी तर नाहीच. आई सकाळी घाईत असायची, म्हणून माझी वेणी पूनम घालायची. माळ ओलांडून, चिखलानं भरलेले पाय आमच्या दारातल्या दगडावर घासून ती यायची, माझ्या मागं बसायची आणि केस ओढत सांगायची की काल सरावाला काय झालं, कुणी कुणाला पाडलं, सर कुणावर डाफरले. माझ्या जागी आता दुसरी एक पोरगी उभी राहायची. मी विचारायचे, "कशी हाय ती?"

"बरी हाय."

"हात धरते का बराबर?"

"धरते. पण घाम लई येतो तिच्या हाताला."

आम्ही हसायचो. पण मला खरं कळत होतं. नवरात्रानंतरच्या सामन्यांत पूनम फार छान खेळली. एकटीच्या बळावर तिनं पकडी केल्या. मी बाहेर बसून, हात पट्ट्यात, ते बघत होते. मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच वेळी तिथं बसवेना, म्हणून मी पाणी प्यायला उठले. लोक म्हणायला लागले, ही पोरगी यंदा जिल्ह्याच्या संघात जाणार.

पट्टा सुटल्यावर व्यायाम सुरू झाले. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथवर हात जाईल तिथवर. पूनम चुलीतला कोळसा घेऊन तिथं रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर जायचं. काही दिवस रेघ हलायचीच नाही. मी रडकुंडीला यायची. तेव्हा ती म्हणायची, "आज भिंत उंच झाली असंल." दिवाळीला आईनं घर सारवलं, भिंतींना चुना दिला, पण तेवढा पट्टा सोडला. पांढऱ्या भिंतीवर काळ्या रेघांची ती शिडी पाहुणे बघायचे आणि विचारायचे. आई सांगायची, "पोरीचा हात वर चढून राहिला."

पौषात डॉक्टरांनी तपासलं. मला पाठीवर झोपवलं, हात बाजूला वर केला, कोपरात वाकवला आणि हळूहळू मागं नेला. सामन्यात हात जिथं अडकला होता, बरोबर तिथं. डॉक्टर माझ्या हाताकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते.

"भीती वाटते?"

"न्हाई."

"खरं सांग. दुखतंय का, ते विचारत नाही मी. निसटेल असं वाटतं का?"

"न्हाई वाटत."

आणि ते खरं होतं. त्या पांढऱ्या खाटेवर, त्यांच्या सावध हातात, मला खरंच वाटत नव्हतं. ते म्हणाले, हळूहळू खेळायला लाग. बाहेर आल्यावर पूनमनं मला उचलून गोल फिरवलं. माझ्या खांद्याला सांभाळून, कमरेला धरून.

त्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं. आम्ही माळावर बसलो होतो, बाबांची मेंढरं समोर चरत होती. तिच्या बापानं स्थळ बघितलं होतं. मुलाकडचे तयार होते. तिनं बापाला विनवलं होतं आणि बाप एवढंच म्हणाला होता, "जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर एक साल थांबू. न्हाई आलं तर मग माझं ऐकायचं."

"येतंय की नाव," मी म्हणाले.

"येतंय," ती म्हणाली. "आता तर तूबी हाईस."

माघ आला. मैदानाच्या अर्ध्या भागावर हळद पसरली. मी पुन्हा डाव्या कोपऱ्यात उभी राहिले आणि पूनमनं माझा उजवा हात धरला. ते पहिलं धरणं मी विसरू शकत नाही. तिनं आधी नुसती बोटं ठेवली, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात. मग घट्ट केली.

सरावात सगळं ठीक होतं. ओळखीच्या पोरी, ओळखीचे पाय. मी झेप घेत होते, घोटा धरत होते. पण हिंगोलीला निवडीचे सामने सुरू झाले, अनोळखी पोरी जोरात अंगावर यायला लागल्या, आणि माझ्या हाताला काहीतरी झालं. मी मनात म्हणायची, जा. हात जायचा, पण अर्धी पापणी लवण्याएवढा उशिरा. बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. सरांना दिसलं नाही. मलासुद्धा आधी कळलं नाही. कळलं ते फक्त माझा हात धरून उभ्या असलेल्या माणसाला.

आणि मग पूनम आधी जायला लागली.

चढाई करणारी माझ्या बाजूला वळली की मी सुटायच्या आतच पूनम साखळी सोडून तिच्या आडवी जायची. मोकळ्या पायाची पोरगी तिला शिवून निघून जायची. पूनम बाद. कधी पूनमच्या अंगावर आदळून ती पोरगी अडखळायची, तेव्हा मी मागून सावकाश, सुरक्षित, दोन्ही हातांनी तिला धरायची. गुण माझ्या नावावर. लोक टाळ्या वाजवायचे. ऑपरेशन होऊन आलेली पोरगी म्हणून जास्तच वाजवायचे.

मध्यंतरात मी तिला बाजूला ओढलं. "काहून आधी जाऊन राहिलीस? मी हाय ना!"

"तुझा हात थांबतो, वैशे."

"न्हाई थांबत."

"बरं. न्हाई थांबत."

"पुने, तू बाद होऊन राहिलीस. निवडीला बघणारे बसलेत तिथं. तू तुझ्या जागेवर थांब. मी जाते."

तिनं मान हलवली. टी-शर्ट कमरेला नीट खोचला. दुसऱ्या डावात पहिल्याच चढाईला मी ठरवून, दात खाऊन, खाली झेप घ्यायला निघाले; आणि ती माझ्या आधी गेली. मी सांगितलेलं तिनं ऐकलं नव्हतं असं नाही. मला वाटतं, तिला आवरतच नव्हतं. तो आवाज, ती ठप्प, माझ्या कानात जितकी बसली होती तितकीच तिच्याही कानात बसली होती. माझा खांदा डॉक्टरांनी शिवला होता. तिच्या आत काय फाटलं होतं ते कुणी बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी मैदानातच नावं पुकारली. माझं नाव आलं. शेवटचं नाव पुकारून झालं तरी पूनम तशीच मान वर करून ऐकत उभी होती.

मी निवड करणाऱ्यांकडं गेले. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना म्हणाले, "सर, पूनमला घ्या. तिनं माझ्यासाठी केलं ते. मी वाचावी म्हणून ती आधी जात होती." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, आम्हाला मैदानात जे दिसतं तेच धरावं लागतं. पोरगी चांगली आहे, पण घाई करते. तू संयमानं खेळतेस." मी म्हणाले, मग मला नको. ते म्हणाले, असं बोलू नये.

परत येताना बस हळदीच्या शेतांमधून चालली होती. सगळीकडं धूर आणि वाफ. पूनम नेहमीसारखी माझ्या उजव्या बाजूला बसली होती.

"मी जाणार न्हाई," मी म्हणाले.

"जा तू."

"न्हाई."

"दोघीबी घरी बसून काय करू आपण?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग, "एकीनं तरी बघून यावं, मॅट कशी असते ती."

मी गेले. राज्याच्या स्पर्धेत मातीऐवजी मॅटवर खेळले. पहिल्याच सामन्यात एक पोरगी माझ्या बाजूला वळली. माझ्या शेजारी दुसऱ्या तालुक्यातली, नीट नावही न कळलेली मुलगी उभी होती. ती माझ्यासाठी आधी जाणार नव्हती, तिला काही ठाऊकच नव्हतं. मी झेपावले. हात पूर्ण लांब गेला, डोक्याच्या वर ताणला गेला, पोरगी ओढत राहिली, आणि खांदा जागेवर राहिला. पकड झाली. सगळ्या धावत आल्या, पाठीवर थापा मारल्या. भीती त्या क्षणी गेली, ती कायमचीच. एवढंच घडायला हवं होतं, आणि ते हिंगोलीच्या मैदानात, काही दिवस आधी घडलं असतं तर! या एका गोष्टीवर मी किती वर्षं विचार केला आहे. मॅटवर उताणी पडून मी रडत होते आणि आमच्या संघाच्या बाई इतरांना सांगत होत्या, "आनंदानं रडते बिचारी, ऑपरेशन झालेलं आहे तिचं."

पूनमचं लग्न त्याच हंगामाच्या शेवटी झालं. तांड्यावर मंडप होता. हळद लावायला मीही बसले. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर मैदानाच्या खरचटण्याचे डाग होते. काही तर अजून ओलेच होते. त्यांच्यावरून हळद फिरवताना तिनं दात आवळले. बायकांना वाटलं, लाजते.

"झोंबतं का?" मी विचारलं.

"न्हाई."

मग ती सासरी गेली, पैनगंगेच्या पलीकडं कुठंतरी. सुरुवातीला फोन व्हायचे. मग तिचा नंबर बदलला, किंवा फोनच राहिला नाही. मी आणखी काही वर्षं खेळले, शिकले, नोकरी लागली. खांदा पुन्हा कधी निघाला नाही. थंडीत थोडा आखडतो, इतकंच. कधी कधी वर्गात हात उंच करून फळ्यावर लिहिताना मला तो हात परका वाटतो. दुसऱ्या कुणाचं काहीतरी घेऊन मी मिरवते आहे, असं.

माझ्या पोरींना मी सगळं शिकवते. झेप, पकड, पायाचं काम. दुखापतीतून परत आलेली पोरगी असली की मी तिच्याकडं कमी आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडं जास्त बघते. त्या पोरीला बाजूला घेऊन विचारते, तुला भीती वाटते का गं? पोरी चक्रावतात. म्हणतात, "मला काय झालंय मॅडम? लागलं तर तिला होतं."

मागच्या आठवड्यात मी गावाकडून परत येत होते. वारंगा फाट्यावर बस बदलायची होती. दुपारची वेळ, ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या. हळद काढायला निघालेल्या बायांनी भरलेला एक टेम्पो पाणी प्यायला थांबला होता. बाया खाली उतरल्या. त्यांतली एक नळावर वाकून तोंड धूत होती. तिच्या पाठीच्या वळणावरून मी ओळखलं.

"पुने!"

ती वळली. तोंडावरून पाणी निथळत होतं. क्षणभर तिचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, आता ती धावत येणार. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि चालत आली.

"वैशे. किती वाळलीस गं!"

"तू कशी हाईस?"

"बरी हाय. पोरगी हाय एक मला. शाळेत जाते." तिनं माझ्या खांद्याकडं बघितलं. "दुखत न्हाई ना आता?"

"न्हाई. मी औंढ्याला शाळेत हाय, पुने. कबड्डी शिकवते. पोरी लई चांगल्या हायेत. तुझ्या पोरीला घेऊन ये ना कधी. तूबी ये. बचाव कसा करायचा ते तू सांग त्यान्ला, मी तर—"

तिनं झटकन मागं बघितलं. टेम्पोच्या सावलीत एक म्हातारी बाई बसली होती, आमच्याकडं बघत. पूनमनं आवाज खाली केला.

"इथं नको बोलू ते, सासू हाय. घरी कुणाला म्हाईत न्हाई."

"काय म्हाईत न्हाई?"

"मी खेळत होते ते."

"काहून? कुणी काही म्हणलं का?"

"न्हाई गं. चांगली माणसं हायेत." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आधी सांगायचं राहून गेलं. मग वाटलं, आता कशाला सांगायचं."

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. बाया पदर सावरत चढू लागल्या. म्हातारी उठून आमच्या जवळ आली, मला खालून वर बघितलं आणि पूनमला विचारलं, "कोण व्हय ही?"

पूनमनं माझ्याकडं एकदाच बघितलं.

"शाळेत होती," ती म्हणाली. "वळखीची हाय."